चार तारा आणि एक स्टिकर

गणपतीत ऑर्केस्ट्रा ऐकायला उभं राहिलं की आपण आधी गायिकेकडे बघतो, मग ढोलकीवाल्याकडे, मग कीबोर्डवाल्याकडे. मागे, ड्रमसेटच्या शेजारी, एक माणूस लांब मानेची गिटार गळ्यात अडकवून जवळजवळ न हलता उभा असतो. त्याच्याकडे कुणी बघत नाही. तो बास वाजवत असतो. मध्येच त्याची वायर निघाली, तर मात्र शेवटच्या रांगेत शेंगा खात बसलेल्या माणसालाही कळतं की काहीतरी गेलं. काय गेलं ते सांगता येत नाही. गाणं एकदम जुन्या ट्रान्झिस्टरवर लागल्यासारखं पातळ होतं, एवढंच.

कॉलेजात असताना तीन-चार हंगाम हा मागचा माणूस मी होतो. पुढे अर्थशास्त्रात एम. ए. झालो, नोकरी लागली, बोटांवरचे घट्टे गेले. पण आपल्या गावात एकदा नाव पडलं की पडलं. अजूनही वर्षाकाठी चार-पाच माणसं दारात येतात. "सर, एक बास मिळतोय, जरा बघता काय?" कधी विकणारा येतो, कधी घेणारा. कधी घेणाऱ्याचे वडील येतात, आणि त्यांना वाद्यापेक्षा मुलाचंच काय करायचं ते विचारायचं असतं.

आधी थोडं वाद्याविषयी. बास गिटारला साधारणपणे चार तारा असतात. नेहमीच्या गिटारच्या जाड बाजूच्या चार तारांचे सूर, फक्त एक सप्तक खाली. सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे 41 वेळा कंप पावते. 1951 पर्यंत नाचगाण्याच्या बँडमध्ये हे काम डबल बास करायचा. ते माणसाहून उंच लाकडी धूड. बसमध्ये मावत नाही, टपावर ठेवलं तर फुटतं, आणि ब्रासच्या गोंगाटात ऐकूही येत नाही. कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावच्या लिओ फेंडर यांनी त्या साली ते धूड गळ्यात अडकवण्याजोगं केलं. फेंडर मूळचे रेडिओ दुरुस्त करणारे. त्यांना स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती, हे मला फार आवडतं. त्यांनी 34 इंच लांबीची तार ठरवली, तिच्याखाली सतारीच्या पडद्यांसारख्या धातूच्या पट्ट्या बसवल्या, म्हणजे फ्रेट. बोट जरा मागेपुढे पडलं तरी सूर नेमका लागणार, म्हणून वाद्याचं नाव प्रिसिजन. 34 इंच हे माप आजही बहुतेक बासना चालतं.

1960 मध्ये त्याच कंपनीचा जॅझ बास आला. बाजारात आज स्वस्तातला, महागातला, चिनी, इंडोनेशियन कुठलाही बास घ्या, दहांतले बरेचसे या दोघांपैकी एकाच्या वळणावर गेलेले असतात. आम्ही त्यांना 'पी' आणि 'जे' म्हणतो. पी ला मधोमध एक पिकअप असतो, 1957 पासून तो दोन तुकड्यांत विभागलेला. तार हलली की तिची हालचाल विजेत बदलणारं हे लोहचुंबकाचं यंत्र. जे ला असे दोन पिकअप, आणि मान वरच्या टोकाला अरुंद, लहान हाताला सोयीची. जे मध्ये दोन्ही पिकअपचं मिश्रण करून आवाज बदलता येतो, जरा नाकातला, बोलका आवाज निघतो. पी चा आवाज एकच, पण भरीव, गाण्याच्या तळाशी जाऊन बसणारा.

कुठला घ्यावा? दुकानात वाजवून जे आवडतो, आणि मांडवात पी उपयोगी पडतो, असा माझा अनुभव आहे. कारण साधं आहे. जे चे दोन्ही पिकअप सारख्या आवाजावर असतील तर घरघर एकमेकांत विरते, पण एक कमी केला की ट्यूबलाइटची, रोषणाईच्या डिमरची सगळी घरघर स्पीकरमधून यायला लागते. पी चा दुभंगलेला पिकअप ती मुळातच मारतो. आपल्याकडच्या मांडवात अर्थिंग कसं असतं ते मी सांगायला नको.

आणखी एक प्रकार बॅटरीवर चालणाऱ्या बासचा. आत नऊ व्होल्टची बॅटरी असते, आवाज खणखणीत येतो. मात्र वायर खोचलेली राहिली की बॅटरी जळत राहते, कारण वायरची खाच हाच तिचा स्विच. रात्री कार्यक्रम संपवून वायर तशीच ठेवून झोपलेला मुलगा दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच गाण्याला मुका होतो. घेताना बॅटरीचं झाकण उघडून बघा. आत हिरवट पांढरी पूड दिसली तर किंमत पाडा.

आता किमतींकडे वळतो, कारण खरी भानगड तिथे आहे.

1965 च्या जानेवारीत सीबीएस या बड्या कंपनीनं फेंडरचा कारखाना 1 कोटी 30 लाख डॉलरला विकत घेतला. त्यानंतर माल घसरला असं वाजवणाऱ्यांचं मत पडलं, आणि त्याआधीच्या वाद्यांची वेगळी किंमत सुरू झाली. ती अजून चढतेच आहे. त्यातल्या काही वाद्यांचा आवाज अप्रतिम आहे हे खरं. पण ज्या किमतीला ती जातात, त्या किमतीत आवाजाचा वाटा किती आणि सालाचा किती, हे जुन्या पैठणीच्या भावासारखं आहे. नेसायला कोण घेतं?

पॉल मॅकार्टनी यांची गोष्ट बहुतेकांनी वाचली असेल. बीटल्सचं नाव व्हायच्या आधी, 1961 मध्ये, हॅम्बुर्गला त्यांनी सुमारे 30 पौंडांना व्हायोलिनच्या आकाराचा जर्मन हॉफनर बास घेतला. फेंडर परवडत नव्हता. शिवाय ते डावखुरे. या बासचा आकार दोन्ही बाजूंनी सारखा, त्यामुळे उलटा धरला तरी विचित्र दिसत नाही. हा बास ऑक्टोबर 1972 मध्ये लंडनच्या नॉटिंग हिल भागात उभ्या केलेल्या गाडीतून चोरीला गेला. पन्नासेक वर्षांनी काही लोकांनी त्याचा शोध आरंभला, आणि फेब्रुवारी 2024 मध्ये तो मॅकार्टनींना परत मिळाल्याचं जाहीर झालं. दक्षिण इंग्लंडमधल्या एका घराच्या माळ्यावर तो पडून होता.

ही बातमी आपल्याकडच्या पेपरांतही आली आणि माळ्यावर गिटार असलेल्या प्रत्येक घरात थोडी खळबळ झाली. वडगावातल्या एका घरातही झाली.

त्या घरातले काका दिवसा मागावर आणि रात्री ऑर्केस्ट्रात. आपल्या शहापूर-वडगाव भागात साड्या विणणारे अनेकजण भजनात, नाटकात, बँडमध्ये असायचे, त्यांतलेच हे. लय हातातच असावी, कारण मागाचा ठोका चुकून चालत नाही. काका मराठी, काकू बैलहोंगलकडच्या. घरात सासूशी मराठी, मुलीशी कन्नड आणि नवऱ्याशी भांडताना दोन्ही. 1980 च्या दशकात काकांनी मडगावहून एक बास आणला. आखाती देशातून परतलेल्या एका गोवेकर वादकाकडून घेतला, असं ते सांगायचे. गोव्याचे वादक तेव्हा आमच्यासाठी देवासारखे. राहुलदेव बर्मन यांच्या वाद्यवृंदात बास वाजवणारे टोनी वाझ मूळचे गोव्याचे, हे काकांनी मला पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. बासच्या डोक्यावर फेंडरचं नाव होतं. "अमेरिकन आहे," काका म्हणायचे आणि त्याच्यावरून फडकं फिरवायचे. कोविडनंतरच्या वर्षी काका गेले.

2024 च्या मे महिन्यात काकूंचा फोन आला. माडीचे पत्रे गळत होते, पावसाच्या आत बदलायचे होते. बास त्याच माडीवर. भिजण्यापेक्षा कुणाला तरी द्यावा, पत्र्यांना हातभार लागेल. एका दुकानदाराला दाखवला होता, तो साडेतीन हजार म्हणाला. पुण्याच्या पुतण्यानं मात्र मोबाइलवर काही फोटो पाठवून सांगितलं होतं की काकू, हात लावू देऊ नका कुणाला, जुना फेंडर आहे, चार लाखांच्या खाली बोलायचं नाही.

साडेतीन हजार आणि चार लाख. अर्थशास्त्राच्या वर्गात मी जॉर्ज अकरलॉफ यांचा 1970 चा निबंध शिकवतो, जुन्या मोटारींच्या बाजाराविषयीचा. विकणाऱ्याला मालाचे दोष ठाऊक असतात, घेणाऱ्याला नसतात, म्हणून घेणारा सगळ्याच मालाला कमी भाव देतो आणि चांगला माल बाजारात येईनासा होतो. 2001 मध्ये त्यांना दोघांबरोबर नोबेल मिळालं ते या विचाराबद्दल. पण आपल्याकडच्या माळ्यावरच्या वाद्यांचा बाजार त्याहून अवघड. इथे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. जो मधला आहे, त्याला एकट्याला ठाऊक असतं.

पुतण्याच्या फोटोंतल्या किमती खोट्या नव्हत्या. फक्त त्या मागितलेल्या होत्या. कुणी चार लाख मागतो याचा अर्थ कुणी चार लाख देतो असा नाही. विकून झालेल्या मालाची किंमत शोधायची असते, आणि तीही त्याच सालाच्या, त्याच अवस्थेतल्या, आपल्याच देशात विकल्या गेलेल्या वाद्याची. आमच्या गल्लीत एका घराला 'विकणे आहे' ही पाटी नऊ वर्षं आहे. तिच्यावरचा आकडाही असाच.

मी रविवारी सकाळी गेलो. बरोबर स्क्रू-ड्रायव्हर, ट्यूनर आणि जुनं व्हिजिटिंग कार्ड. जुना बास बघायला एवढं पुरतं, म्हणून क्रम सांगून ठेवतो.

वायर न जोडता आधी वाजवायचा. खोक्याच्या वरच्या शिंगावर कान टेकवला की लाकूड बोलतं की नाही ते कळतं. मग डोक्याकडून एका डोळ्यानं मान बघायची, सुतार फळी बघतो तशी. पीळ असेल तर वाद्य खाली ठेवून चहा घ्यायचा आणि घरी यायचं, कारण पीळ सहजी निघत नाही. नुसता बाक असेल तर घाबरायचं कारण नाही. मानेच्या आत लोखंडी कांब असते, तिचा नट फिरवून बाक काढता येतो. एका वेळी पाव आटा, त्याहून जास्त नाही. तार पहिल्या आणि शेवटच्या पट्टीवर दाबून धरायची आणि सातव्या पट्टीपाशी तारेखाली व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकलं की मान बरोबर. आपल्याकडे जुलैत मान फुगते आणि मार्चमध्ये वाळते. गोव्याहून आणलेला बास घाट चढून आल्यावर महिनाभर तसाच ठेवावा, मग नट फिरवावा, असं मला एका जुन्या वादकानं सांगितलं होतं आणि ते पटलं आहे.

त्यानंतर प्रत्येक तारेवर प्रत्येक पट्टी वाजवायची. सगळ्या. कंटाळा येतो, पण कुठे तार खरखरते, कुठे सूर लगेच मरतो ते असंच कळतं. सर्वांत बारीक तारेवर पाचव्या ते सातव्या पट्टीच्या आसपास एखादा सूर लवकर मरणं हे या जातीच्या भल्याभल्या वाद्यांत आढळतं, त्यावरून फार घासाघीस करू नये. बाराव्या पट्टीवर तार दाबून एक सूर घ्यायचा, तिथेच नुसतं बोट लावून दुसरा. दोन्ही एक आले पाहिजेत.

काकांच्या बासची मान सरळ होती. पट्ट्या खालच्या भागात झिजलेल्या, जिथे त्यांची बोटं तीस वर्षं फिरली तिथेच. तारा गंजून काळ्या. गंजलेल्या तारा पाण्यात उकळून पुन्हा चढवायची आमची जुनी खोड आहे. दोन कार्यक्रम निघतात, तिसऱ्याला पुन्हा गोणपाट. पण वायर जोडली आणि जाड तार छेडली तेव्हा ताकावरचं झाकण हललं. आवाज चांगलाच होता.

मग मी तो पालथा केला. मान खोक्याला चार स्क्रूंनी जोडलेली असते, त्यांच्यावर एक चौकोनी पत्रा असतो. त्या पत्र्यावर इंग्रजीत कोरलेलं होतं: स्टील रीइन्फोर्स्ड नेक, मेड इन जपान. फेंडरच्या अमेरिकन वाद्यावर हा पत्रा नसतो. जपानी कारखान्यांनी 1970 च्या आसपास अमेरिकन वाद्यांच्या ढीगभर नकला केल्या, एकाच कारखान्यातला माल वेगवेगळ्या नावांनी विकला जायचा, त्यांपैकी हा एक. खात्री करायला पुढचा प्लास्टिकचा पत्रा उघडला. जुन्या अमेरिकन वाद्यांत आवाजाच्या बटणाखाली जे गोल यंत्र असतं, त्याच्या पाठीवर आकडे असतात. 137 म्हणजे सीटीएस ही बनवणारी कंपनी, पुढे साल, त्यापुढे आठवडा. 1376232 असेल तर 1962 सालचा बत्तिसावा आठवडा. यंत्र बदललेलं असू शकतं, म्हणून एकट्या त्या आकड्यावर जाऊ नये, पण इथे आकडाच नव्हता. यंत्रं नाण्याएवढी छोटी, जपानी. डोक्यावरचं नाव नंतर कुणीतरी चिकटवलेलं. नखानं चाचपलं तर कडा लागत होती.

स्टिकर गोवेकरानं लावला की काकांनी, ते आता कळणार नाही. पाठीवरचा पत्रा मात्र लपलेला नव्हता. इतकी वर्षं तो काकांच्या पोटाला टेकलेला होता. काकांना इंग्रजी वाचता येत होतं.

हे काकूंना सांगायचं कसं, हा प्रश्न मला व्हिजिटिंग कार्डानं सुटण्यासारखा नव्हता. मी आधी मान सरळ आहे, आवाज उत्तम आहे, असं बोलत राहिलो. मग पाठीवरची अक्षरं दाखवली आणि म्हटलं, "काकू, हा अमेरिकेचा नाही. जपानचा आहे. नाव वरून लावलेलं आहे." त्यांनी अक्षरांवरून बोट फिरवलं. नंतर म्हणाल्या, "अदिरली री सर. छलो केळस्तदो इल्लो, अष्टु हेळ्री."

छान ऐकू येतो, म्हटलं. खरंच येत होता.

चार लाखांचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. पुतण्याला मीच फोन केला, त्याला पत्र्याचा फोटो पाठवला. तो जरा नाराज झाला. दुकानदाराला नावावरून कळलं असणार की खोटं आहे, आणि आवाजावरून कळलं असणार की साडेतीन हजारांचा नाही. त्यानं पहिली गोष्ट काकूंना सांगितली नाही, दुसरीही नाही.

त्या दिवशी तो बास आणि काकूंचा पलंग शेजारी होता म्हणून एक गोष्ट लक्षात आली. बासच्या मानेवरची तपकिरी-जांभळट पट्टी, जिच्यात फ्रेट ठोकलेले असतात, ती शिसवासारखी दिसत होती. पलंगही शिसवाचा. शिसव म्हणजे कन्नडमधलं बीटे, आपल्या पश्चिम घाटातलं झाड. फेंडरनं 1958 पासून मानेवर शिसवाची पट्टी लावायला सुरुवात केली, आधी ब्राझीलच्या शिसवाची. तो संपत चालला तसा जगभरचे गिटारवाले आपल्याकडच्या शिसवाकडे वळले. ब्राझीलच्या झाडाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर 1992 मध्ये बंदी आली. जानेवारी 2017 पासून शिसवाच्या सगळ्या जातींना परवाने लागू झाले, तेव्हा परदेशी गिटार विकणाऱ्यांची इतकी तारांबळ उडाली की काहींनी लाकूडच बदललं. नोव्हेंबर 2019 मध्ये तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली, ब्राझीलची जात सोडून. म्हणजे खानापूरच्या पुढे रानात जे झाड उभं दिसतं, त्याची सख्खी भावंडं जगातल्या किती गळ्यांत अडकलेली असतील.

असो. गिऱ्हाईक माझ्याच वर्गात होतं. बी. कॉम. दुसऱ्या वर्षाचा मुलगा, कॅम्पातल्या एका चर्चमध्ये दर रविवारी मागून आणलेला बास वाजवणारा. लग्नाच्या हंगामात फोटोग्राफरच्या हाताखाली दिवे धरून त्यानं दहा हजार जमवले होते आणि हप्त्यावर सोळा हजारांचा नवा बास घ्यायच्या विचारात होता. त्याला मी आधी नव्याचीच बाजू सांगितली. आजचे स्वस्त बास पूर्वीसारखे नाहीत. मान यंत्रावर कापलेली असते, मापात असते, आणि काही बिघडलं तर दुकानात परत नेता येतो. नव्यानं शिकणाऱ्याला जुन्याच्या फंदात पाडू नये, असंच माझं मत आहे. हा नवशिका नव्हता. त्यानं काकांचा बास अर्धा तास वाजवला आणि घाम पुसत विचारलं, "किती, सर?"

इथे मला दोन्ही बाजूंनी बोलायचं होतं, म्हणून मी ते काकूंच्या ओसरीवर दोघांना समोर बसवून बोललो. नावाचे पैसे शून्य. चांगल्या अवस्थेतला असा जपानी बास चौदा-पंधरा हजारांपर्यंत जावा. पट्ट्या घासून सारख्या करायला कारागिराचे अडीच-तीन हजार, नव्या तारांचे वेगळे. ते वजा करून अकरा हजार. काकूंना कमी वाटत असेल तर त्यांनी थांबावं, मुलाला जास्त वाटत असेल तर त्यानं नवा घ्यावा. मुलगा म्हणाला, दहा आत्ता, एक दिवाळीला. काकूंनी त्याचं आडनाव विचारलं, आई काय करते विचारलं, कन्नड येतं का विचारलं. येत होतं. मग चहा झाला.

अडलं ते स्टिकरवर. मी म्हटलं, विकण्याआधी तो काढू. आज मुलाला खरं ठाऊक आहे, पण पाच वर्षांनी तो विकेल, त्या घेणाऱ्यानं डोक्यावरचं नाव वाचून चाळीस हजार मोजले तर? काकू म्हणाल्या, "नको काढू. ते रोज पुसायचे ते." मुलगा माझ्याकडे बघायला लागला. त्यालाही ते नाव नको होतं असं नाही. वीस वर्षांच्या मुलाला चर्चमध्ये फेंडर घेऊन उभं राहायला कुणाला आवडणार नाही?

शेवटी एक चिठ्ठी लिहिली. जपानी बनावट, मूळ नाव माहीत नाही, डोक्यावरचं नाव नंतर लावलेलं, मे 2024 मध्ये अकरा हजारांना विकला. खाली काकूंची कन्नडमध्ये सही, मुलाची इंग्रजीत, माझी मराठीत. ती प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून पुढच्या पत्र्याखाली, वायरींच्या शेजारी ठेवली आणि स्क्रू आवळले. घेणारा जाणता असेल तर तो पत्रा उघडल्याशिवाय पैसे देणार नाही, आणि उघडला की चिठ्ठी हातात येईल. न उघडता चाळीस हजार देणाऱ्याचं काय, याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मुलानं मात्र आपणहून सांगितलं की विकताना मीच दाखवेन.

पत्रे जूनच्या पहिल्या आठवड्यात बदलले. दिवाळीचे हजार वेळेवर पोचले, चकलीच्या डब्याबरोबर.

राहिला काकांचा बॉक्स. बासला साधा गिटारचा अँप लावू नये. गिटारच्या सर्वांत खालच्या तारेचा सूर सुमारे 82 कंपनांचा, बासचा त्याच्या निम्मा. आवाज मोठा केला की छोट्या स्पीकरचा कागद फडफडून फाटतो. काकांनी म्हणून सुताराकडून जाड प्लायवुडचा बॉक्स करून घेतला होता, आत पंधरा इंची स्पीकर, आठ ओमचा. आठ ओमचे दोन बॉक्स एका अँपला जोडले तर भार चार ओमचा होतो. अँपच्या पाठीवर 'किमान चार ओम' असं लिहिलं असेल तर चालतं, आठ लिहिलं असेल तर अँप जळतो. हे अनेकजण उलटं समजतात आणि आकडा कमी म्हणजे भार कमी धरून चालतात. मुलाला बॉक्स नको होता, चर्चमध्ये आहे.

तेव्हा तो अजून वडगावच्या माडीवर, नव्या पत्र्यांखाली, आहे. लाकूड घट्ट आहे, चाकं दोन चांगली, दोन नाहीत. स्पीकरचा कागद कडेला बोटभर फाटलेला, नवा बसवावा लागेल. वजन इतकं की खाली उतरवायला दोन माणसं आणावीत. काकू दोन हजार म्हणतात. माझ्या मते पंधराशे.